रीडिंग ‘न येणं’ आणि रीडिंग ‘चुकीचं येणं’ हे दोन वेगळे आजार आहेत

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हाला पाहता येईल. गावाच्या पाणीयोजनेवर जॅकवेलपासून (पाणी उपसायच्या विहिरीपासून) शुद्धीकरण केंद्रापर्यंत एकाच आरएस-४८५ केबलवर, म्हणजे सगळ्या उपकरणांना एकामागून एक जोडणाऱ्या सिग्नलच्या केबलवर, ११ उपकरणं आहेत. त्यात एनर्जी मीटर, फ्लोमीटर आणि लेव्हल ट्रान्समीटर आले. शेवटचं उपकरण साधारण ४०० मीटरवर. ती मॉडबस या संदेशपद्धतीने बोलतात, वेग ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट (०-१चे अंक). तक्रारी तीन. मोठा पंप सुरू होताना स्क्रीनवर ‘कॉम फेल’ येतं. एका फ्लोमीटरचा एकूण पाण्याचा आकडा अधूनमधून पासष्ट हजारांची उडी मारतो आणि पुढच्याच वाचनाला जागेवर येतो. आणि नवीन बसवलेला लेव्हल ट्रान्समीटर कधी शून्य दाखवतो, कधी चौकटीत न मावणारा लांबलचक आकडा. ठेकेदार म्हणतो केबल खराब आहे, सगळी बदलून आर्मर्ड (धातूच्या कवचाची) टाकू. तुम्ही विचारताय, टाकावी का?

आत्ता टाकू नका. तीनपैकी दोन तक्रारी केबलच्या नाहीत, हे मी तुमची केबल न बघताही सांगू शकतो. तिसरी केबलची असेल किंवा नसेल, ते मोजल्याशिवाय कळणार नाही. मी बावीस वर्षं साखर कारखाने आणि पाणीयोजनांच्या पॅनेलवर काम करतोय. या एका गोंधळापायी चांगल्या केबली उपटून फेकलेल्या पाहिल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मॉडबस ही १९७९ साली मॉडिकॉन कंपनीने आपल्या पीएलसींसाठी (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक संगणकांसाठी) काढलेली पद्धत. तुमच्याकडे जी चालते त्या प्रकारात प्रत्येक संदेशाच्या शेवटी दोन बाइट जास्तीचे असतात, त्यांना सीआरसी म्हणतात. पाठवणारं उपकरण आधीच्या सगळ्या बाइटांवर एक ठरलेलं गणित करतं आणि उत्तर शेवटी जोडतं. घेणारं उपकरण तेच गणित पुन्हा करून पाहतं. जुळलं तर ठीक, नाही जुळलं तर अख्खा संदेश टाकून देतं. आपल्या आधार क्रमांकाचा १२वा अंक याच कामासाठी असतो. तो आधीच्या ११ अंकांवरून काढलेला असतो, त्यामुळे लिहिताना एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर संगणकाला लगेच कळतं. सीआरसी त्याहून कडक आहे. एका दणक्यात सलग १६ बिटांपर्यंत काहीही बिघडलं तरी तो हमखास पकडतो. त्याहून लांब बिघाड त्याच्या हातून निसटण्याची शक्यता साधारण ६५,५३६ मध्ये १.

आता याचा तुमच्यासाठी अर्थ काय? तारेवर बिघडलेला संदेश स्क्रीनवर चुकीचा आकडा म्हणून येत नाही. तो येतच नाही. मास्टरने, म्हणजे सगळ्यांना आकडे विचारणाऱ्या मुख्य उपकरणाने, विचारलेला प्रश्न वाटेत बिघडला तर मीटर गप्प बसतं. मीटरचं उत्तर वाटेत बिघडलं तर मास्टर ते टाकून देतो. दोन्ही वेळा तुम्हाला दिसतं ते ‘कॉम फेल’. उलट आकडा आला, सीआरसी जुळला आणि तरीही आकडा वेडावाकडा असेल, तर चूक सीआरसी लावण्याआधी मीटरमध्ये झाली किंवा सीआरसी तपासून झाल्यावर मास्टरमध्ये झाली. सील शाबूत असलेल्या पाकिटातून भलतीच चिठ्ठी निघाली तर पोस्टमनला धरून काय उपयोग?

दोन गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. एक, तुमचा मास्टर सीआरसी खरोखर तपासत असला पाहिजे. नेहमीच्या कंपन्यांचे पीएलसी आणि स्काडा (स्क्रीनवर आकडे दाखवणारी संगणक प्रणाली) तपासतात. कुणी घरगुती पद्धतीने छोट्या बोर्डावर प्रोग्रॅम लिहून दिला असेल तर खात्री करून घ्या, तिथे ही पायरी गाळलेली मी पाहिली आहे. दुसरं, हे सगळं मॉडबससाठी. एखादं उपकरण ४-२० मिलिअँपच्या तारेवर (जिथे तारेतला करंटच आकडा सांगतो) असेल तर तिथे सील वगैरे काही नसतं. तिथे तारेतला गोंगाट थेट आकड्यात उतरतो आणि चुकीचं रीडिंग म्हणूनच दिसतो.

आता फ्लोमीटर. उडी ‘पासष्ट हजारांच्या आसपास’ असं तुम्ही लिहिलंय. नोंदवहीतले दोन आकडे घेऊन वजाबाकी करा. मधल्या काळात वाहिलेलं पाणी सोडून फरक ६५,५३६ आला, तर निदान झालं. रजिस्टर म्हणजे मीटरमधला आकडा ठेवायचा कप्पा. मॉडबसचं एक रजिस्टर १६ बिटांचं, म्हणजे त्यात ० ते ६५,५३५ एवढंच मावतं. एकूण पाण्याचा आकडा मोठा, म्हणून मीटर तो दोन रजिस्टरांत ठेवतं. गाडीच्या किलोमीटरच्या काट्यासारखंच: खालचं चाक भरलं की शून्यावर येतं आणि वरचं एकाने पुढे सरकतं. तुमच्या प्रोग्रॅममध्ये ही दोन रजिस्टरं दोन वेगवेगळ्या प्रश्नांनी वाचली जात असणार. वरचं वाचून झालं, मग खालचं वाचेपर्यंत नेमका तो क्षण आला आणि चाक फिरलं, तर हातात वरचा जुना आणि खालचा नवा आकडा पडतो. बेरीज ६५,५३६ ने मागे. वाचण्याचा क्रम उलटा असेल तर तेवढीच पुढे. पुढच्या फेरीत दोन्ही नवे मिळतात आणि सगळं सुरळीत दिसतं. इथे प्रत्येक संदेश अगदी शुद्ध होता. दोन शुद्ध संदेश वेगवेगळ्या क्षणांचे होते आणि आपण ते एकाच क्षणाचे समजून जोडले, एवढीच चूक. दोन्ही रजिस्टरं एकाच प्रश्नात मागा. बहुतेक मीटरं मग जोडी एकत्र देतात. खर्च शून्य.

लेव्हल ट्रान्समीटरचं दुखणं याच घराण्यातलं, पण जास्त फसवं. तो टक्केवारी दशांशात देतो, त्यासाठी ३२ बिटांची फ्लोट संख्या वापरतो आणि तीही दोन रजिस्टरांत विभागून पाठवतो. आता आधी वरचा अर्धा भाग पाठवायचा की खालचा? मॉडबसने एका रजिस्टरातल्या दोन बाइटांचा क्रम ठरवून दिला, पण दोन रजिस्टरांचा क्रम ठरवला नाही. म्हणून एक कंपनी असं करते, दुसरी तसं. तुमचा ट्रान्समीटर आणि तुमची स्क्रीन यांची समजूत उलटी आहे असं धरून मी गणित करून पाहिलं. टाकी बरोबर २५ टक्के भरली असेल, तर अर्धे उलटे जोडल्यावर जी संख्या होते ती इतकी सूक्ष्म की स्क्रीनवर ०.०० दिसावं. टाकी २५.३ टक्के झाली की तीच उलटी जोडणी २४ अंकी संख्या देते. कधी शून्य, कधी अफाट, हे तुमचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं. स्काडात त्या टॅगच्या (त्या आकड्याच्या नोंदीच्या) सेटिंगमध्ये ‘वर्ड स्वॅप’ किंवा तशा नावाचा पर्याय असतो, तो बदला. मग टाकीत प्रत्यक्ष पट्टी टाकून मोजा आणि आकडा पडताळा. स्क्रीनवर काहीतरी पटण्यासारखं दिसू लागलं एवढ्यावर थांबू नका.

जाता जाता अशाच जातीच्या आणखी दोन-तीन खुणा सांगून ठेवतो, कधीतरी लागतील. रिकाम्या टाकीची पातळी ६५,५३४ आली, तर तो उणे २ आहे आणि तुमचा प्रोग्रॅम उणे चिन्ह ओळखत नाही. प्रवाह नेमका ३.६ पटीने जास्त-कमी दिसला, तर एका बाजूला लिटर प्रति सेकंद आहे आणि दुसऱ्या बाजूला घनमीटर प्रति तास. आर फेजचा व्होल्टेज वाय फेजच्या जागी दिसला, तर रजिस्टर क्रमांक एकाने चुकलाय. काही मॅन्युअलमध्ये मोजणी ० पासून असते, काहींत १ पासून.

क्लॉड शॅननने १९४८ मध्ये संदेशवहनाचं गणित मांडलं तेव्हा एक साधं चित्र काढलं होतं. संदेशाचा उगम, पाठवणारं यंत्र, मधली वाट, घेणारं यंत्र आणि शेवटचा मुक्काम. गोंगाटाचा बाण फक्त मधल्या वाटेवर येऊन टेकतो. संदेशाचा अर्थ काय, हा या गणिताचा विषय नाही, हेही त्याने सुरुवातीलाच स्पष्ट केलं होतं. मधल्या वाटेचा प्रश्न त्यानंतर गणितज्ञांनी आणि अभियंत्यांनी इतका चांगला सोडवला की आता फील्डवर मला सापडणारे चुकीचे आकडे बहुतेक दोन टोकांना जन्मलेले असतात. कुठलं रजिस्टर, कुठला क्रम, कुठलं एकक, कुठला क्षण, हे काहीच सीआरसीला दिसत नाही. पण आपल्या लोकांचा हात पहिल्यांदा जातो तो केबलकडेच. मला वाटतं, ती डोळ्यांना दिसते म्हणून.

आता ‘कॉम फेल’. ही तक्रार खरोखर वाटेवरची असू शकते. पण इथेही लगेच केबलवर येऊ नका. पंप सुरू होताना तीन-चार गोष्टी एकदम घडतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे. आधी बघा, नेमकं कोण गप्प होतं. सगळी ११ उपकरणं एकदम गेली, तर आधी मास्टरजवळ बघा. एका ठिकाणापासून पुढची सगळी गेली, तर त्या ठिकाणचा जॉइंट बघा. एकच गेलं, तर त्याचं टर्मिनल किंवा त्याचा वीजपुरवठा. पंप सुरू करताना एक माणूस स्क्रीनसमोर बसवा आणि क्रमांक लिहून घ्या. नेहमीच्या दोन-तीन वेळच्या सुरुवातींना केलंत तरी पुरे, आणि त्यातून जे कळेल ते केबल बदलूनही कळणार नाही.

माझ्या अनुभवात पंपाच्या वेळच्या कॉम फेलचं एक नेहमीचं कारण केबल नसतंच, ते असतं २४ व्होल्टचा सप्लाय. मोटर थेट सुरू केली तर ती पूर्ण भाराच्या सहा-सात पट करंट ओढते. स्टार-डेल्टात (मोटर टप्प्याने सुरू करण्याच्या पद्धतीत) साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका. व्होल्टेज क्षणभर बसतं, स्वस्तातला २४ व्होल्टचा सप्लाय तेवढ्यात डुबकी मारतो आणि त्यावरचा कन्व्हर्टर किंवा ट्रान्समीटर नव्याने चालू होतो. चालू व्हायला त्याला काही सेकंद लागतात आणि तेवढा वेळ तो उत्तर देत नाही. तुमच्या मल्टिमीटरला मिन-मॅक्सचं बटण असेल तर ते लावून २४ व्होल्टवर ठेवा आणि पंप सुरू करा. किमान आकडा खूप खाली गेला तर सप्लाय बदला. केबल जिथल्या तिथे राहू द्या.

सप्लाय ठीक निघाला तर तारेकडे या. पॅनेल बंद करून, सगळ्या उपकरणांची वीज काढून, दोन सिग्नल तारांमधला रोध मोजा. आरएस-४८५ च्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असायला हवा, म्हणजे मोजल्यावर ६०च्या जवळपास यायला हवं. १२० आलं तर एक टोक उघडं आहे. ४० आलं तर कुणीतरी मधल्या उपकरणातही रेझिस्टर चालू करून ठेवलाय, आणि हे फार वेळा होतं, कारण हल्ली तो मीटरमध्येच छोट्या स्विचवर असतो. मात्र एक प्रामाणिकपणे सांगतो. ९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंद टिकतो आणि ४०० मीटर जाऊन परत यायला सिग्नलला जेमतेम ४ मायक्रोसेकंद लागतात. हे रेझिस्टर ज्या लाटेला जिरवायला असतात, ती टोकावरून उलट आलेली लाट बिट वाचायच्या आधीच विरून जाते. त्यामुळे तुमच्या वेगाला केवळ रेझिस्टर नाही म्हणून संदेश मरतील असं मला वाटत नाही. १,१५,२०० बॉडवर असता तर बिट ८.७ मायक्रोसेकंदांचा झाला असता, आणि मग मी सगळ्यात आधी हेच तपासायला सांगितलं असतं.

याच हिशेबाने बॉड रेट कमी करा हा सल्लाही नीट तोलून घ्यावा. लांब केबलीवर तो कामाला येतो. पण तुमचा शत्रू कॉन्टॅक्टरची (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचची) ठिणगी असेल, तर मंद संदेश जास्त वेळ तारेवर उघडा पडतो. दोन रजिस्टरांचा प्रश्न आणि उत्तर मिळून ९६०० ला साधारण २० मिलिसेकंद तार व्यापतात. २४०० केलंत तर ७८. ठिणगीच्या तावडीत सापडायची शक्यता वाढली, कमी नाही झाली. त्यापेक्षा कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर स्नबर (ठिणगीचा झटका दाबणारा भाग) लावा, किरकोळ किमतीत मिळतो.

मग जमिनीचा, म्हणजे अर्थिंगचा, प्रश्न येतो. लोक म्हणतात आरएस-४८५ ला दोनच तारा लागतात. सिग्नल दोन तारांतल्या फरकात असतो हे खरं, आणि म्हणूनच पिळलेल्या जोडीवर बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा बसतो आणि वजाबाकीत निघून जातो. पण उपकरणाच्या जमिनीच्या तुलनेत त्या दोन्ही तारा उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या आतच राहायला हव्यात. जॅकवेल आणि शुद्धीकरण केंद्राचं अर्थिंग वेगळं. मोठा पंप सुरू झाला, अर्थमधून थोडा करंट गेला, की दोन जागांच्या जमिनीत काही व्होल्टचा फरक पडतो आणि उपकरणातली सिग्नल वाचणारी चिप आंधळी होते. वळवाच्या पावसात चिपा जळण्यामागेही बहुतेक हेच असतं. उपाय दोन: तिसरी कॉमन तार सगळ्या उपकरणांना जोडा किंवा दोन जागांच्या मध्ये आयसोलेटेड रिपीटर (विजेचा थेट संबंध तोडून सिग्नल पुढे देणारं उपकरण) बसवा. अर्थमध्ये मोठा फरक असेल तर तिसरी तारच करंट वाहू लागते, तेव्हा रिपीटरच बरा. शील्ड (केबलमधल्या तारांभोवतीचं धातूचं आवरण) मी एका टोकालाच अर्थ करतो. याबद्दल जाणत्या लोकांतही मतभेद आहेत, पण दोन वेगळी अर्थिंग असलेल्या पाणीयोजनांवर मला एका टोकानेच यश आलंय.

शेवटी केबलचा रस्ता बघा. मोटरच्या केबलीबरोबर एकाच ट्रेमधून ती कित्येक मीटर गेली असेल, आणि त्यात पंप व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) असेल, तर नवीन आर्मर्ड केबल त्याच ट्रेमध्ये टाकून फार काही बदलणार नाही. जुनीच केबल फूटभर बाजूला सरकवली तर बदलेल. पॉवर केबल ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडा. आणि केबल एका उपकरणातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात अशीच गेली पाहिजे. एका बॉक्समधून चार दिशांना फांद्या फुटल्या असतील तर त्या काढा. हे सगळं करूनही फेल येत असेल आणि मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) केबल खरोखर ओल धरलेली निघाली, तर जरूर बदला. मग मीही ठेकेदाराच्या बाजूने बोलेन.

यानंतर तुम्ही न विचारलेली, पण मला सगळ्यात जास्त सतावणारी गोष्ट. संदेश आला नाही तर तुमची स्क्रीन काय दाखवते? माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका योजनेचं स्क्रीनचं पान मी बनवलं होतं. उत्तर आलं नाही की जुना आकडा तसाच ठेवायचा, म्हणजे चौकट रिकामी दिसणार नाही, असं मी ठरवलं. एका रात्री टाकीकडची लाइन दोन तास बंद होती. पडद्यावर पातळी ३.२ मीटर, न हलता. ऑपरेटर त्या आकड्यावर विसंबून राहिला, टाकी भरून वाहिली, खालच्या घरांत पाणी शिरलं. मेमो ऑपरेटरला मिळाला. तो मला मिळायला हवा होता. मी तसं लेखी कळवलंही, पण त्याच्या सेवापुस्तकातली नोंद राहिली ती राहिलीच. तो आकडा एका वेळी अगदी बरोबर होता, सीआरसी जुळलेला होता; फक्त दोन तास जुना होता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पानावर आकड्याच्या शेजारी शेवटच्या यशस्वी वाचनाची वेळ असते, आणि ठरावीक सेकंद उलटले की आकड्याच्या जागी आडव्या रेघा येतात. तुमच्याकडे हे नसेल तर केबलच्या आधी हे करून घ्या.

त्याच्या जोडीला, एक वाचन हुकलं म्हणून लगेच ‘कॉम फेल’ दाखवू नका. तीनदा विचारा, तिन्ही हुकली तर दाखवा. मात्र प्रत्येक उपकरणासाठी किती वेळा पुन्हा विचारावं लागलं त्याचा मोजक ठेवा आणि आठवड्याला बघा. पुन्हा विचारल्याने स्क्रीन शांत होते, पण एखादं टर्मिनल हळूहळू सैल होत असेल तर ते त्या शांततेखाली झाकलं जातं. मोजक वाढायला लागला की पेचकस घेऊन निघायचं.

तर क्रम असा ठेवा: आधी प्रोग्रॅममधल्या दोन दुरुस्त्या, मग पंप सुरू करताना कोण गप्प होतं ती यादी, मग २४ व्होल्टचा किमान आकडा, मग रोध. चारही गोष्टी एका दिवसात होतील. फ्लोमीटरच्या वजाबाकीचं उत्तर, ती यादी आणि ओहमचा आकडा इथे लिहा. दोन पॅनेलांच्या अर्थमधला पंप सुरू होतानाचा व्होल्टेज मोजता आला तर तोही. ठेकेदाराला तोवर एवढंच सांगा की मोजमापं चालू आहेत.